दगडू शिकलेला होता

आमच्या घराण्यात एक गोष्ट सांगतात. लग्नकार्यात पंगत उठली, सुपारी फिरली की कुणीतरी ती काढतंच. कुसुमआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, एका कुत्र्यापायी सख्ख्या भावाचं घर सोडून गेली. कुत्रं अंथरुणं ओली करायचं, देवापुढं घाण करायचं. भावानं त्याला बाहेर काढायला सांगितलं, तर ही बाई कुत्रं कडेवर घेऊन टांग्यात बसली आणि परत आली नाही. सांगणारा आत्याची चाल करून दाखवतो, कुत्र्याला कडेवर घेतल्यासारखा हात वाकवतो, आणि सगळे हसतात. साठ वर्षं मीही हसत आलो. आता हसणार नाही. गोष्ट खोटी आहे. अंथरुणं मी ओली करत होतो. बारा वर्षांचा होतो, सातवीत होतो, आणि सकाळी उठलो की खालची गोधडी भिजलेली असायची. एवढं वाचून ज्यांना पुस्तक मिटायचं असेल त्यांनी मिटावं. बाकीच्यांसाठी मी सगळं सांगतो.

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत अण्णांचं, म्हणजे वडिलांचं टेबल, त्यावर कचेरीतून घरी आणलेली फितीनं बांधलेली पुडकी. रात्री तिथंच मी आणि माझी धाकटी बहीण एका गोधडीवर झोपायचो. आतल्या खोलीत चूल, भिंतीतल्या कोनाड्यात देव, आणि कोनाड्याखाली दिवसभर अंथरुणांची वळकटी. तिथंच का, तर घरातली तेवढी एकच भिंत ओल धरत नव्हती. मागं शहाबादी फरशीचं अंगण, नळ आणि कोपऱ्यात चुलीतल्या राखेचा ढीग. सकाळ अण्णांच्या खाकरण्यानं उजाडायची. मग बादलीत नळाची धार, मग भाकऱ्यांच्या थापा. आई थापायची तेव्हा तो आवाज एकसारखा यायचा. आत्या मात्र थापता थापता मधेच थांबायची, काही आठवल्यासारखी, आणि नंतरच्या दोन-तीन थापा जोरात पडायच्या. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं, आज चुलीपुढं कोण बसलंय.

आत्याच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली होती. एक पत्र्याची ट्रंक घेऊन ती आमच्याकडं आली आणि आली ती राहिलीच. तेव्हा ती असेल पंचविशीची. आई तिला वन्सं म्हणायची, वाईट वागवायची नाही. पण सणाला लुगडं आणलं की आईचं आधी उलगडायचं, आणि आमटी तळाशी आली की आत्याच्या ताटात रस्सा कमी आणि पाणी जास्त असायचं. आत्यानं कधी तोंडातून शब्द काढला नाही. ती सगळ्यांत शेवटी जेवायची, अंगणाच्या दाराशी, पाय मोकळे सोडून. त्या घरात तिनं मागितली अशी एकच गोष्ट मला आठवते, आणि ती म्हणजे ते पिल्लू.

त्याआधी अण्णांच्या शिस्तीबद्दल सांगायला हवं. आठ वर्षांचा असतानाही मी अंथरूण ओलं करायचो. एका सकाळी अण्णांनी ती ओली गोधडी माझ्या गळ्यात अडकवली आणि मला बाहेरच्या ओट्यावर उभं केलं. समोरून शाळेची पोरं चालली होती. गोधडी जड होती, तिचा काठ माझ्या हनुवटीला लागत होता. 'लाज वाटली की आपोआप थांबतं,' असं अण्णा आईला सांगत होते. आत्या तेव्हा नुकतीच आली होती. तिनं बाहेर येऊन माझ्या गळ्यातली गोधडी काढली, घडी केली आणि मला आत नेलं. अण्णा म्हणाले, 'कुसे, तू मधे पडू नको.' ती म्हणाली, 'पडले. आता काय करतो?' ती अण्णांशी असं बोलू शकते हे मला तेव्हा कळलं. महिन्या दोन महिन्यांनी माझं ते थांबलं. अण्णा शेवटपर्यंत समजत राहिले की ते त्यांच्या उपायानं थांबलं.

पिल्लू आलं ते मी सातवीत गेलो त्या वर्षी, शहागंजातून. तिथल्या टांग्याच्या अड्ड्यावर रहीमचाचा म्हणून एक टांगेवाले होते, स्टेशनला जायचं झालं की आम्हाला त्यांचाच टांगा. त्यांच्या तबेल्यात कुत्री व्याली होती. आत्या भाजी आणायला गेली आणि पिशवीत मेथीच्या जुडीवर एक तांबूस पिल्लू घेऊन आली. मी सोबत होतो. चाचांनी पिल्लू देताना तिला बजावलं, 'बाई, इसकू मारना नक्को. मारे तो डरता, फिर छुपके करता. एक जगा दिखाव, रोज वहींच लेके जाव. इसकी नाकच इसका उस्ताद हय.' घरी अण्णांनी पिल्लाकडं आणि मग आत्याकडं पाहिलं. 'कुत्रं घाण करणार. घाण केली की त्यात नाक घासायचं आणि दोन छड्या द्यायच्या. हे तुला जमणार असेल तर ठेव.' आत्या म्हणाली, 'छडी नाय लागणार. मला पंधरा दिवस दे, दादा.' अण्णा म्हणाले, 'आणि घरात केलं तर?' 'तर तू म्हणशील तसं.' हे शेवटचं वाक्य तिला पुढं महागात पडलं.

नाव तिनं दगडू ठेवलं, कुणाची नजर लागू नये म्हणून. आई हसून म्हणाली, 'वन्सं, कुत्र्याला कोण नजर लावतंय?' आत्याची शिकवायची पद्धत साधी होती. पहिल्या दिवशी पिल्लानं अंगणात मुतलं ते तिनं तरटाच्या तुकड्यानं टिपलं, आणि तो तुकडा राखेच्या ढिगापाशी दगडाखाली ठेवला. पिल्लू झोपेतून उठलं की उचलून तिथं. दूध-भाकरीचा काला खाल्ला की उचलून तिथं. खेळता खेळता जमीन हुंगायला लागलं, गोल फिरायला लागलं, की हातातलं पीठ न झटकता धावत तिथं. मग ती उभी राहून हळू आवाजात म्हणायची, 'कर दगडू, कर.' ते तरट हुंगायचं आणि करायचं. केलं की त्याला गुळाचा बारीक खडा. वर राख टाकायची. तरट मात्र धुवायचं नाही, दगडाखालीच ठेवायचं. 'वास हीच त्याची पाटी,' आत्या मला म्हणाली. बाराव्या की तेराव्या दिवशी दगडू आपला आपण आतल्या खोलीतून उठला, अंगणात गेला, करून आला आणि आत्यापुढं बसला गुळासाठी. आईसुद्धा लाटणं हातात धरून बघत राहिली. अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं, परत वर धरलं. आत्याला इतकी खूश मी त्याआधी पाहिली नव्हती, त्यानंतरही नाही.

माझा नातू सध्या त्याच्या फ्लॅटमध्ये पिल्लू शिकवतोय. त्यासाठी तो दुकानातून चौकोनी कागदी पॅड आणतो, वास लावायची बाटली आणतो, मोबाइलवर कुणा साहेबाचं ऐकतो. परवा मी त्याला म्हणालो, हे सगळं आमच्या आत्यानं तरटाच्या तुकड्यावर केलं होतं. तो म्हणाला, 'आजोबा, तीच ना, कुत्र्यापायी घर सोडून गेलेली?' म्हणजे गोष्ट चौथ्या पिढीपर्यंत पोचली. त्या दिवशी मी हे लिहायला घेतलं.

सातवीत अण्णांनी मला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं. पहाटे उठवून गणितं, संध्याकाळी कचेरीतून आले की गणितं, चुकलं की फूटपट्टी. त्या काळात माझं ते परत सुरू झालं. पहिल्या सकाळी जाग आली तेव्हा कंबरेखाली सगळं गार होतं आणि माझ्या डोळ्यांपुढं ओटा उभा राहिला. आता आठ वर्षांचा नव्हतो. समोरून जाणाऱ्या पोरांत माझ्या वर्गातली पोरं होती. मी चड्डी बदलून पिळून आलो. अंगणाचं दार उघडं राहिलं होतं, त्यातून दगडू आत आला, गोधडीच्या ओल्या भागाशी हुंगत बसला. तेवढ्यात आई आली. तिनं कुत्रं पाहिलं, ओल पाहिली. 'केलं का मेल्यानं?' एवढंच ती म्हणाली. मी काही बोललो नाही. खोटं म्हणून असं मी काही उच्चारलंच नाही, हे मी स्वतःला पुढं किती वर्षं सांगत होतो.

आत्या मात्र अडून बसली. 'दगडू आत करणारच नाय, वैनी. तो रातभर माझ्या पायाशी होता.' अण्णा म्हणाले, 'मग कुणी केलं, मी?' त्यांनी सांगितलं, आणखी एकदा झालं तर कुत्रं जाईल. त्या दिवसापासून आत्यानं दगडूला रात्री स्वतःच्या खाटेच्या पायाला बांधायला सुरुवात केली, दुहेरी गाठ मारून. तिला वाटलं, आता पुरावाच झाला. आणि तो पुरावा तिच्या बाजूनं उभा राहिला तसा माझ्या विरुद्ध उभा राहिला. कारण चार दिवसांनी मी परत ओला उठलो, आणि कुत्रं बांधलेलं होतं.

तो रविवार होता. मी सगळ्यांच्या आधी उठलो, झोपेतल्या धाकटीला बाजूला सरकवलं, गोधडी ओली बाजू आत घालून दुमडली आणि अंथरुणं उचलताना वळकटीत मधोमध कोंबली. पण रात्री अंथरूण घालताना ती उलगडणार, हे मला कळत होतं. तोवर दगडू गुन्हेगार ठरायला हवा होता, आणि दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. मी नळावर तोंड धुतलं. कुणी बघत नाही असं पाहून राखेच्या ढिगापाशी गेलो, दगड उचलला, तरटाचा एक कोपरा फाडून घेतला, आत जाऊन देवाच्या कोनाड्याखाली वळकटीच्या पायथ्याशी खोचला. हे मी थंड डोक्यानं केलं. गेल्या वर्षी एका डॉक्टरला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, 'काका, लहान होतात, घाबरला होतात.' घाबरलो होतोच. पण त्या पिल्लाला वासाचा अर्थ कळत होता आणि मला त्या पिल्लाचा. जे मी शिकताना पाहिलं होतं त्याचाच मी वापर केला. ही माफी मला नको आहे.

दुपारी येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी होती. आई रविवारी ती लसणाची फोडणी देऊन करायची, वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. अण्णा, मी आणि धाकटी पाटावर बसलो होतो, आई वाढत होती, आत्या तव्यावरची भाकरी फुगवत होती. दगडू सुटा सोडलेला होता, त्याचा काला नुकताच खाऊन झाला होता. तो उठला, अंगणाच्या दिशेनं निघाला आणि मधेच थांबला. नाक वर केलं. मग वळून वळकटीकडं गेला, हुंगलं, एक फेरी घेतली, दुसरी घेतली. आत्या म्हणाली, 'अरे इकडं नाय,' आणि भाकरी टाकून उठली, पण तोवर तो बसला होता. देवाच्या बरोबर खाली, अण्णांच्या ताटापासून चार हातांवर, त्यानं सावकाश मुतलं. केलं आणि शेपूट हलवत आत्यापुढं येऊन बसला. गुळासाठी.

माझ्या आयुष्यात मी बरंच काही विसरलो, पण ते बसणं विसरलो नाही. त्याची मान वर होती. त्याला शिकवलं होतं तसंच त्यानं केलं होतं.

अण्णा ताटावरून उठले. आई 'देवा' म्हणाली आणि वळकटी ओढायला पुढं झाली, पण आत्यानं तिला हातानं थांबवलं. स्वतः वळकटी उचलली. खालचं तरट तिला दिसलं. मी बघत होतो, तिनं ते ओळखलं. मग वळकटीत हात घालून मधली गोधडी चाचपली आणि हात तसाच आत ठेवून माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी कदाचित बोललो असतो. ती वाट बघत होती. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला. मी घास तोंडात घातला आणि चावू लागलो. तेव्हा तिनं तरटाचा तुकडा उचलला, मुठीत घेतला आणि पदराखाली नेला.

'कुसे, संध्याकाळपर्यंत हे कुत्रं घरात दिसायला नको,' अण्णा म्हणाले. 'तू शब्द दिलेला होतास.'

'दिलेला होता.'

'मग?'

'मग तो जातो. मीबी जाते.'

आई म्हणाली, 'वन्सं, येडेपणा करू नका. लोक काय म्हणतील?' अण्णा हसले, त्यांना ते खरं वाटलं नाही. 'कुत्र्यापायी भावाचं घर सोडतेस?' आत्या ट्रंक ओढत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, 'कुत्र्यापायी नाय, दादा.' हे तिनं सगळ्यांसमोर, स्वच्छ म्हटलं. आई होती, धाकटी होती, मी होतो. मग कशापायी, असं कुणी विचारलं नाही. अण्णांनीही नाही. आमच्या घराण्याच्या गोष्टीत हे वाक्य कधीच येत नाही.

रहीमचाचांचा टांगा गल्लीच्या तोंडाशी आला. दगडू कडेवर होता, एवढा भाग खरा आहे. ट्रंक मी उचलून टांग्यात ठेवली. आत्या म्हणाली, 'मध्या, ती मधली गोधडी उन्हात टाक. नायतर वास राहतो.' चाचांनी विचारलं, 'कहाँ जाना बाई?' ती म्हणाली, 'मुकुंदवाडी.' तिथं तिच्या सासरकडच्या एका विधवा बाईची खोली होती, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा मुकुंदवाडी म्हणजे शहराबाहेरचं खेडं, दोन गाड्या थांबायच्या तेवढं स्टेशन. घोड्याच्या टापा कोपऱ्यावरून वळल्या आणि मी गोधडी उन्हात टाकायला आत गेलो. त्या रात्रीपासून माझं अंथरूण कोरडं राहिलं. का, ते मला आजही माहीत नाही.

तिनं तिथं शिलाई केली, पोलकी, परकर, पुढं शाळेचे गणवेश. चार वर्षांनी, मॅट्रिकला असताना, मी सायकल मारत तिच्याकडं गेलो. कबूल करायचं ठरवून गेलो होतो. खोली एवढीशी, मशीन दाराशी, कापडाच्या चिंध्यांवर दगडू झोपलेला, आता दांडगा झालेला. त्यानं मला हुंगलं आणि शेपूट हलवली. तिनं धपाटं आणि दही दिलं. मी म्हणालो, 'आत्या, ती गोधडी...' तिनं मशीन थांबवलं नाही. 'मला काय सांगतो? मला त्याच दिवशी कळलं. दादाला सांग.'

'अण्णा मारतील.'

'मारतील. मग?'

दगडू उठला, दारापाशी गेला, पंजानं दार खरवडलं. तिनं उठून दार उघडलं, तो बाहेर जाऊन आला, ती परत मशीनवर बसली. 'मी तेव्हाच बोलले असते तर तुझ्या गळ्यात परत गोधडी आली असती,' ती म्हणाली. 'म्हणून नाय बोलले. पण म्हटलं, पोरगं दोन दिवसांनी बोलंल. आठ दिवसांनी बोलंल. मी वाट बघितली, मध्या. मग कामाला लागले.' मी घरी आलो. अण्णा टेबलाशी बसले होते. त्यांनी विचारलं, 'कुठं होतास?' मी म्हणालो, 'मित्राकडं.' अण्णांना मरेपर्यंत वाटत होतं की बहिणीनं कुत्र्यासाठी त्यांना सोडलं. ही जखम त्यांना मी दिली. ते कडक होते, आंधळे होते, पण हे त्यांनी केलेलं नव्हतं. त्यांचंही देणं मी इथं मान्य करतो. आत्या त्यांच्या मयताला आली, दारातून दर्शन घेऊन गेली. तीही गेल्याला आता बरीच वर्षं झाली.

आता वयानं माझं ते परत आलंय. सून रोज काही न बोलता गादीवर रबरी चादर घालते, सकाळी काही न बोलता काढते. मला त्याची लाज वाटत नाही. ज्याची वाटते ते वर लिहिलं आहे.

हे प्रकरण छापायला देण्याआधी मी धाकट्या बहिणीला वाचून दाखवलं. ती आता सत्तरीची आहे, गुडघे धरून बसते. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, 'मला माहीत होतं, दादा. मी तुझ्या शेजारीच झोपायचे. माझा परकरही ओला व्हायचा.'

'मग बोलली का नाहीस?'

'सात वर्षांची होते. नंतर... नंतर सगळे हसायचे, मीही हसायचे.' ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. 'हे काढून टाक. तुझं काय, तू म्हातारा झालास. माझ्या सुना वाचतील. म्हणतील, आत्याबाई घरातून गेल्या आणि हिला सगळं माहीत होतं.'

'माहीत होतंच ना?'

'होतं.'

'मग?'

ती माझ्यावर रुसून गेली आहे. तिच्या विनंतीला मान देऊन तिचं नाव मी कुठंही लिहिलेलं नाही. बाकीचं एकही वाक्य काढलेलं नाही.